ग्रॅव्हल, ग्रेव्ह आणि गॉलांची वाट

सायकलवाल्यांच्या बोलण्यात 'ग्रॅव्हल' हा शब्द अलीकडे चांगलाच रुळला आहे. ग्रॅव्हल बाइक, ग्रॅव्हल टायर, ग्रॅव्हल राइड. फ्रान्समध्येही तो आहे. तिथे 'ल ग्राव्हेल' असे पुल्लिंगी नाम झाले आहे आणि मोटारींपासून दूर, कालव्याकाठच्या नाहीतर द्राक्षमळ्यांतल्या खडीच्या वाटांनी हिंडणे याला 'फेर द्यु ग्राव्हेल' म्हणजे 'ग्रॅव्हल करणे' म्हणतात. शब्द अमेरिकेहून आला यात शंका नाही. कॅन्ससमधली या प्रकारातली नावाजलेली शर्यत २००६ साली सुरू झाली आणि या प्रकाराची पहिली जागतिक अजिंक्यपद शर्यत २०२२ साली इटलीत, व्हेनेतो प्रांतात झाली. पण फ्रेंच माणूस ज्याला आज इंग्रजी पाहुणा समजतो तो मुळात त्याच्याच घरचा आहे. 'ग्राव्हेल' हा शब्द जुन्या फ्रेंचमधूनच मध्ययुगात इंग्रजीत गेला. इतक्या शतकांनी तो सायकलवर बसून माहेरी आला आणि माहेरच्यांनी त्याला ओळखले नाही.

जुन्या फ्रेंचमध्ये 'ग्राव्ह' किंवा 'ग्रेव्ह' म्हणजे जाडी वाळू, वाळूगोट्यांचा काठ. त्याला लघुत्वदर्शक प्रत्यय लागून 'ग्राव्हेल' झाले, बारीक खडी. आजच्या फ्रेंचमध्ये खडीला 'ग्राव्हिए' म्हणतात आणि 'ग्रेव्ह' हा मूळ शब्द नदीच्या वा समुद्राच्या वाळवंटाला राहिला आहे. पॅरिसमध्ये सीन नदीकाठी असेच एक वाळवंट होते. तिथे होड्या लागत, माल उतरे. त्या जागेला 'प्लास द ग्रेव्ह' असे नाव पडले. काम नसलेले मजूर तिथे येऊन उभे राहत आणि कोणी बोलावते का पाहत. 'ग्रेव्हवर असणे' म्हणजे आधी 'कामाच्या शोधात उभे असणे' असा अर्थ असावा. पुढे एकोणिसाव्या शतकात त्याचा रोख फिरला आणि 'ग्रेव्ह' म्हणजे मुद्दाम काम थांबवणे, संप, असा अर्थ रूढ झाला. म्हणजे फ्रेंच संपाच्या पोटात खडी आहे. आपल्या 'संपा'च्या पोटात काय आहे? गुजरातीत 'संप' म्हणजे एकी, सलोखा. मराठीतही मुळात एकत्र येण्याचा अर्थ असावा आणि एकत्र येऊन काय केले, तर काम थांबवले, म्हणून तो अर्थ चिकटला असे दिसते. फ्रेंचांनी संपाला जागेचे नाव दिले, आपण वृत्तीचे.

याच घरातली आणखी एक लेक म्हणजे स्त्रीलिंगी 'ग्राव्हेल'. जुन्या वैद्यकात हे मूत्रपिंडातल्या खड्यांच्या विकाराचे नाव. निबंध या वाङ्मयप्रकाराचा जनक मोंतेन याच व्याधीने बेजार होता. १५८० आणि १५८१ साली तो जर्मनी, स्वित्झर्लंड, इटलीच्या औषधी झऱ्यांच्या शोधात घोड्यावरून हिंडला, त्यामागे हे एक मोठे कारण. मराठी वाचकाला इथे काही समजावून सांगायला नको, कारण आपण त्याच विकाराला 'मुतखडा' म्हणतो. संस्कृत वैद्यकाने 'अश्मन्' म्हणजे दगड यावरून 'अश्मरी' केले. तीन भाषा, दोन वैद्यकपरंपरा आणि दुखण्याचे नाव रस्त्यावरच्या खड्यावरूनच. बोर्दोजवळ 'ग्राव्ह' नावाचा द्राक्षमद्याचा मुलूख आहे. त्याचेही नाव तिथल्या खडेमिश्रित जमिनीवरून पडले.

पण 'ग्रेव्ह' आला कुठून? फ्रेंच ही लॅटिनची लेक, तेव्हा आधी आजीकडे चौकशी करावी. लॅटिनमध्ये खडीला 'ग्लारेआ' असा धड शब्द होता. रोमन लोक रस्त्यांवर ती पसरत. इटालियनमध्ये तो शब्द 'ग्याया' या रूपात अजून आहे. फ्रेंचमध्ये मात्र त्याने मूळ धरले नाही. त्याच्या जागी जो शब्द आहे तो गॉल लोकांचा, म्हणजे रोमनांच्या आधी त्या भूमीवर नांदणाऱ्या केल्टिक बोलीचा असावा. दाखला शेजारी सापडतो: वेल्श भाषेत खडीला 'ग्रो' म्हणतात, फ्रान्समधल्या ब्रिटनीच्या ब्रेतों भाषेत 'ग्रूआन'. सीझरने गॉल जिंकून घेतला इसवी सनापूर्वी पहिल्या शतकात. त्यानंतर काही शतकांत गॉलांची भाषा विझली. तिचे शे-दीडशे शब्द फ्रेंचमध्ये उरले आणि ते कुठे उरले हे पाहण्यासारखे आहे.

वाटेसाठी फ्रेंचमध्ये दोन मुख्य शब्द: 'रूत' आणि 'शमँ'. 'रूत' हा लॅटिन 'व्हिया रुप्ता'चा अवशेष, म्हणजे 'फोडलेला' रस्ता, रान तोडून, दगड फोडून काढलेला. ज्या धातूतून 'रुप्ता' आला त्याचे नाते संस्कृत 'लुप्', 'लुम्पति' याच्याशी सांगतात. तसे असेल तर फ्रेंच 'रूत' आणि आपला 'लोप' चुलतभाऊ ठरतात. आपला 'रस्ता' याच्या अगदी उलट स्वभावाचा. तो फारसी 'रास्ता'वरून आला, 'रास्त' म्हणजे सरळ, नीट. रास्त भावाच्या दुकानातला 'रास्त' तोच. संस्कृत 'ऋजु' आणि लॅटिन 'रेक्तुस' त्याच कुळातले. म्हणजे फारसी रस्ता सरळ, फ्रेंच रस्ता फोडलेला. आपल्याकडे रस्ते सारखे फोडलेले असतात हा योगायोग, त्याला व्युत्पत्तीचा आधार नाही.

'शमँ' मात्र लॅटिन नव्हे. उत्तरकालीन लॅटिनमध्ये 'कामिनुस' असा शब्द अचानक उगवतो. तो गॉलांकडून घेतलेला. जुन्या आयरिशमध्ये 'केम', वेल्शमध्ये 'काम' म्हणजे पाऊल. तेव्हा 'शमँ' म्हणजे पावलांनी घडलेली वाट, आपली पाऊलवाटच. स्पॅनिश 'कामिनो' त्याचा सख्खा भाऊ. फ्रेंच माणसाच्या मनात या दोन शब्दांची वाटणी पक्की आहे. नकाशावर क्रमांक घालून सरकार ज्याची डागडुजी करते ती 'रूत'. दोन शेतांमधून जाते, जिच्या मधोमध गवत उगवते, ती 'शमँ'. ग्रॅव्हलवाला शोधतो ती दुसरी.

आपल्याकडे 'वाट' आणि 'मार्ग' यांची अशीच गंमत झाली आहे. 'वाट' ही संस्कृत 'वर्त्मन्'पासून, प्राकृत 'वट्ट'मार्गे आली. मूळ धातू 'वृत्', वळणे, फिरणे. लॅटिन 'व्हेर्तेरे' तोच. 'मार्ग' हा 'मृग'शी जोडतात: हरणाचा माग, शिकाऱ्याने शोधत जायची खूण. आज हरणाचा माग सहा पदरी झाला, महामार्ग म्हणून टोल घेऊ लागला, आणि वाट बिचारी आडवाट, पायवाट, वहिवाट अशा उपपदांच्या आधाराने राहिली आहे. 'वाट पाहणे' आणि 'वाट लागणे' यांतली वाट एकच का, हा प्रश्न मी वाचकांवर सोडतो.

आता फ्रेंच सरकारच्या शब्दाकडे येऊ: 'व्वा व्हेर्त', हिरवी वाट. उच्चार ऐकून मराठी माणसाला कोणी दाद दिल्यासारखे वाटते, पण शब्द कायद्याच्या पुस्तकातला आहे. १६ सप्टेंबर २००४ च्या हुकूमनाम्याने त्याला वाहतूक संहितेत जागा मिळाली: मोटार नसलेली वाहने, पादचारी आणि घोडेस्वार यांच्यासाठीच राखलेला रस्ता. त्याच्या आधी, १९९७ साली बर्गंडीत, सोन-ए-ल्वार जिल्ह्यात जिव्ह्री ते क्ल्युनी अशी फ्रान्समधली पहिली व्वा व्हेर्त बंद पडलेल्या रेल्वेमार्गावर सुरू झाली. आगगाडीला चढ झेपत नाही म्हणून रुळांची जागा सपाट ठेवावी लागते. आगगाडी गेल्यावर ती सपाटी सायकलला आयतीच मिळाली. क्ल्युनीच्या दक्षिणेला हीच वाट ब्वा क्लेर नावाच्या जुन्या रेल्वे बोगद्यातून जाते. तो साधारण १,६०० मीटर लांब आहे आणि हिवाळ्यात वटवाघळांच्या झोपेसाठी बंद ठेवतात.

'व्वा' म्हणजे लॅटिन 'व्हिया'. याच्या मुळाबद्दल दोन तट आहेत. एक त्याला संस्कृत 'वह्'शी जोडतो, म्हणजे वाहणे, वाहन, वाहतूक यांच्या घरात. दुसरा 'वी', 'वेति' म्हणजे मागे लागणे, पाठलाग करणे या धातूशी जोडतो. 'वीथि' त्याच्याच जवळची असावी. मला दुसरा तट पटतो, कारण ध्वनीच्या दृष्टीने त्यात ओढाताण कमी आहे. मोटारीला फ्रेंचमध्ये म्हणतात 'व्वात्यूर', आणि ती मात्र निर्विवाद 'वह्'च्या घराण्यातली, लॅटिन 'व्हेक्तुरा'. 'व्वा' आणि 'व्वात्यूर' कानाला सख्ख्या बहिणी वाटतात. दुसरा तट खरा असेल तर त्यांचे काही नाते नाही आणि व्वा व्हेर्तवर व्वात्यूरला बंदी घालणाऱ्या कायद्याने भाषाशास्त्रालाही न्याय दिला असे म्हणता येईल. 'व्हेर्त' दिसायला आपल्या 'वर्त्म'सारखा आहे खरा, पण त्या मोहात पडू नये. तो लॅटिन 'व्हिरिदिस', हिरवा, याचा झिजलेला अवतार.

कायद्याच्या व्याख्येत घोडेस्वार आहे, त्याच्यापाशी क्षणभर थांबू. फ्रेंच 'काव्हालिए' इटालियनमार्गे आला आणि 'शव्हाल' म्हणजे घोडा घरातूनच, पण दोघेही मुळात लॅटिन 'काबालुस'चे. 'काबालुस' म्हणजे साधा, ओझ्याचा घोडा. शब्द मूळचा लॅटिन नव्हे, गॉलांचा किंवा आणखी पूर्वेकडून आलेला असावा. खरा जुना लॅटिन शब्द 'एक्वुस', म्हणजे आपला 'अश्व'. फ्रेंचने 'एक्वुस' टाकला, मराठीने बोलण्यातून 'अश्व' टाकला आणि 'घोडा' घेतला, ज्याचे मूळ अंधुकच आहे. पण टाकलेला अश्व मागल्या दाराने परत आला. 'स्वार' हा फारसी 'सवार', त्याचे प्राचीन फारसी रूप 'असबार': 'अस' म्हणजे अश्व, 'बार' म्हणजे भार, भृ धातूतला. अश्वाने वाहिलेला तो स्वार. तेव्हा 'घोडेस्वार' या शब्दात दोन घोडे आहेत आणि 'सायकलस्वार' या शब्दात सायकलखाली एक घोडा लपला आहे. ब्रेतों भाषेने तो उघडच बाहेर काढला. त्या भाषेत सायकलला 'मार्ख-हूआर्न' म्हणतात, शब्दशः लोखंडी घोडा.

ब्रिटनीत नांत ते ब्रेस्त असा सुमारे ३६० किलोमीटरचा जुना कालवा आहे. इंग्रज आरमाराने समुद्र अडवला तरी मालाची ये-जा चालू राहावी म्हणून नेपोलियनच्या काळात त्याचे काम निघाले आणि १८४२ मध्ये तो पुरा झाला. त्याच्या काठची वाट म्हणजे 'शमँ द आलाज'. 'आले' म्हणजे दोराने ओढणे. माणसे आणि घोडी नावा ओढत चालत ती ही वाट. हा शब्द गॉलांचाही नव्हे, लॅटिनही नव्हे, तो जर्मानिक. डच 'हालेन', इंग्रजी 'हॉल' त्याचे भाऊ. ओढणारे गेले, वाट उरली, आणि तिच्यावरची दाबलेली वाळूखडी ग्रॅव्हलच्या टायरला मानवते. याच मुलखातल्या शेतांमधल्या अरुंद वाटांना ब्रेतोंमध्ये 'रिबिन' म्हणतात, अनेकवचन 'रिबिनू'. त्रो ब्रो लेओन नावाची सायकल शर्यत १९८४ पासून या रिबिनूंवरून जाते आणि सर्वांत पुढे येणाऱ्या ब्रेतों स्वाराला बक्षीस म्हणून डुकराचे पिल्लू देतात. 'रिबिन'ला मराठी प्रतिशब्द शोधायला कोशाची गरज नाही. ती आपली पाणंद.

'रहदारीविना' आणि 'शांत' हे दोन गुण अशा वाटांच्या प्रत्येक वर्णनात येतात. 'ट्रॅफिक', फ्रेंच 'त्राफिक', हा शब्द इटालियन 'त्राफिको'तून पसरला. त्याआधीचे धागे गुंतलेले आहेत. एका तर्कानुसार तो अरबी 'तफरीक' म्हणजे वाटप, विभागणी यावरून आला असावा. हे खरे ठरले तर ट्रॅफिक आणि आपला 'फरक' एकाच अरबी धातूचे. 'शांत'साठीचा 'काल्म' त्याहून मजेदार. तो इटालियनमार्गे ग्रीक 'काव्मा'कडे जातो, अर्थ उन्हाचा ताव. दुपारच्या उन्हात माणसे, गुरे, वारा सगळे थबकते, त्या थबकण्यावरून शांतता. याच 'काव्मा'तून फ्रेंचमध्ये 'शोमे' हे क्रियापदही आले. आधी अर्थ उन्हाच्या वेळी काम थांबवून विसावणे, मग रिकामे असणे. त्यावरून आजचा 'शोमाज', बेकारी. एकीकडे खडीतून संप निघाला, दुसरीकडे उन्हातून बेकारी आणि शांतता जुळ्या निघाल्या. फ्रान्सच्या खेड्यातल्या दुपारच्या शांततेत हिंडणाऱ्याला ही वंशावळ ठाऊक असावी.

खेडे-शिवारासाठीचा 'कांपान्य' लॅटिन 'कांपुस' म्हणजे मैदान यावरून. सैन्य उन्हाळ्यात मैदानात उतरे, म्हणून त्याच शब्दाला मोहिमेचा अर्थ आला. या कुळातला एक शब्द मराठीच्या दप्तरांतही मुक्कामाला आहे: 'कंपू'. महादजी शिंद्यांची कवायती पलटणे म्हणजे शिंद्यांचे कंपू, आणि ते उभे करणारा बन्वा द ब्वान्य हा सव्हॉयमधल्या शांबेरीचा. ते गाव आज फ्रान्समध्ये आहे आणि तिथे त्याच्या स्मारकाच्या कारंज्यात चार हत्ती आहेत. आज आपण 'कंपू' म्हणतो ते फक्त टोळक्याला.

आता सायकलचे सुटे भाग मांडून पाहू. 'सायकल' म्हणजे ग्रीक 'कुक्लोस', म्हणजेच संस्कृत 'चक्र', म्हणजेच प्राकृत 'चक्क', म्हणजेच मराठी 'चाक'. फ्रेंचमध्ये चाकाला 'रू' म्हणतात, लॅटिन 'रोता', आणि तो आपला 'रथ'. चाकाचा आस म्हणजे 'अक्ष', तोच लॅटिन 'आक्सिस', तोच फ्रेंच 'आक्स'. 'व्हेलो' हे 'व्हेलोसिपेद'चे डोके, म्हणजे शीघ्रपद. जर्मनीच्या कार्ल द्राइसने १८१७ मध्ये केलेल्या, पायाने जमिनीला रेटत चालवायच्या गाडीला फ्रान्समध्ये हे नाव मिळाले. त्यातला 'पेद' म्हणजे संस्कृत 'पद', आणि 'पेडल'मध्येही तोच पाय. चक्र, रथ, अक्ष, पद, वह्: सायकलचा सांगाडा उचलला तर हाती ऋग्वेदकालीन शब्दसंच येतो. भाषांच्या कुळाचा अभ्यास करणारे याच शब्दांवरून अनुमान करतात की या भाषांची मूळ भाषा फुटण्यापूर्वीच ती बोलणाऱ्यांना चाक ठाऊक होते.

आणि चाकाखाली काय आहे? फ्रेंचमध्ये गोटा 'कायू', चिखल 'बू', वाट 'शमँ', काठची वाळू 'ग्रेव्ह', ओसाड माळ 'लांद', कडेचा ओक 'शेन', वर गाणारा चंडोल 'आलुएत'. हे सगळे गॉलांचे किंवा तसे मानलेले. मराठीत खडा, खडक, चिखल, डोंगर. चिखलाचे प्राकृत रूप 'चिक्खल्ल', डोंगराचे 'डुंगर'. संस्कृतात मूळ न सापडणाऱ्या अशा शब्दांना प्राकृत वैयाकरण 'देशी' म्हणत. बाराव्या शतकात हेमचंद्राने त्यांचा 'देशीनाममाला' हा आख्खा कोशच केला. फ्रेंच कोशकार 'गॉल' म्हणतात आणि आपले कोशकार 'देशी' म्हणतात, पण शेरा तोच: हे या मातीतले, वरून आलेले नव्हे. मुरुमालाही मी याच रांगेत बसवेन. केनिया-युगांडात लाल कच्च्या रस्त्याच्या मातीला 'मरम' म्हणतात. तो शब्द हिंदुस्थानातूनच तिकडे गेला असावा असे रूपावरून दिसते.

यावरून मला एक नियम सुचतो, शब्दांच्या बाबतीत नियम म्हणावा इतका: चाकाचे शब्द प्रवासी असतात, जमिनीचे शब्द रहिवासी. चाक फिरते, तसा त्याचा शब्द फिरतो. खडा जागचा हलत नाही, आणि नवा राजा आला तरी त्याचे नाव शेतकऱ्याने ठेवलेलेच चालते. या नियमाला एक लख्ख अपवाद आहे, तो लपवण्यात अर्थ नाही. आख्खी गाडी. रोमनांनी 'कारुस' म्हणजे गाडी गॉलांकडून घेतली. त्यातून फ्रेंच 'शार', 'शारेत' आणि इंग्रजी 'कार' आले. आपली 'गाडी'ही संस्कृत रथाची वंशज नव्हे, प्राकृत 'गड्डी' आहे. सुटे भाग कुळाचे, जोडणी गावच्या सुताराची, असे काहीसे झाले असावे. म्हणजे 'कार' आणि 'ग्रॅव्हल' दोघेही गॉलांच्याच अंगणातले, आणि आज एक आला की दुसऱ्याला बाजूला व्हावे लागते.

डांबर पडले की वाटेबरोबर तिचे नावही पुसते. 'शमँ'चा 'रूत' होतो आणि पाणंदीचा 'जोडरस्ता' होतो. फ्रान्समध्ये ग्रॅव्हलवाल्यांनी जुन्या वाटा नकाशावर परत आणताना त्यांची 'रिबिन', 'आलाज' ही नावेही बोलण्यात परत आणली, हे त्या छंदाचे मला सर्वांत मोठे श्रेय वाटते. आपल्याकडे गाडीवाट, पाणंद, आडवाट, बैलवाट एवढे मला ठाऊक आहे, पण दर दहा कोसांवर शब्द बदलत असणार. तुमच्या शिवारात बांधामधून जाणाऱ्या खडीच्या वाटेला काय म्हणतात, ते गावातल्या म्हाताऱ्यांना विचारून, गावाच्या नावासकट लिहून ठेवा. रस्ता पक्का व्हायच्या आत.